लढाईचं पत्र आणि त्याची तारीख: नागपुरातल्या एका लष्करी इतिहासकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या संशोधक नागपूरच्या आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नाव दिलेलं नाही. विद्यार्थी, रेडिओतले लोक आणि कामठीकडचे माजी सैनिक त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, म्हणून इथेही मॅडमच म्हणतो.

मॅडमची पीएच.डी. नागपूरकर भोसल्यांच्या लष्करावर आहे. काळ 1803 ते 1818. त्या पंधरा वर्षांत एका मोठ्या फौजेचं काय झालं, हा त्यांचा विषय. 29 नोव्हेंबर 1803 ला ईस्ट इंडिया कंपनीविरुद्धची अडगावची लढाई हरली, 15 डिसेंबरला गाविलगड गेला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. त्यात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख हातचा गेला. पुढे नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर आणि डिसेंबरात खुद्द नागपूर शहरात निकाल लागला. अशा विषयाला मोडी वाचता येणं, इंग्रजी रेसिडेन्सीचे, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या कचेरीचे, कागद चाळणं आणि जमीन पायाखालून घालणं, तिन्ही लागतं. जमिनीचंच बघा. सीताबर्डीचा किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच उघडतो. धाकट्या टेकडीवरून थोरल्या टेकडीवर बंदुकीचा मारा कसा पोचत असेल, हे ताडायला मॅडम वर्षानुवर्षं त्या तारखांना रांगेत उभ्या राहिल्या आहेत.

एवढं करून पोट कशावर चालतं? आपल्याकडे लष्करी इतिहास हा विद्यापीठांत स्वतंत्रपणे फार कमी ठिकाणी शिकवला जातो. पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. नागपुरात मॅडमच्या वाट्याला इतिहासाचे वर्ग आले, तेही तासिका तत्त्वावर. शैक्षणिक वर्ष संपलं की मानधन संपतं. म्हणून त्यांनी हळूहळू दुसरी बाजू उभी केली: वृत्तपत्रात पाक्षिक सदर, शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर भाषणं, थंडीच्या व्याख्यानमाला आणि यूट्यूबवर स्वतःचं चॅनल. कामठी परिसरातल्या 1965 आणि 1971 च्या युद्धांत लढलेल्या जवानांच्या मुलाखती त्यांनी याच काळात घेतल्या. ते काम मला फार मोलाचं वाटतं. त्या पिढीतली माणसं आता झपाट्याने कमी होत आहेत.

या दोन बाजूंचा वेग मात्र जुळत नाही. दफ्तरातला एक रुमाल, म्हणजे कागदांचं एक गाठोडं, वाचायला महिना लागतो. सदर पंधरा दिवसांनी द्यावंच लागतं. पुस्तकाचं हस्तलिखित बरीच वर्षं ‘दोन प्रकरणं राहिली’ या टप्प्यावर अडकलं होतं. रेडिओवरचा आवाज मात्र घराघरांत ओळखीचा झाला होता.

प्रसंग

सीताबर्डीच्या लढाईचा दिवस 26 नोव्हेंबर. त्या दिवशी रेडिओवर मॅडमचा तासाभराचा कार्यक्रम ठरला होता. चारेक दिवस आधी शहरातल्या एका जुन्या घराण्यातून फोन आला. पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत होते, घरात मोडीतलं एक पत्र आहे, लढाई चालू असताना लिहिलेलं आहे. सोबत आजोबांनी केलेलं बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर होतं आणि त्याच्या वर शाईने लिहिलं होतं: ‘सन 1817’. दोन्हींचे मोबाइलवर काढलेले फोटो आले.

मॅडमना मोडी येते. फोटो बरा होता, पण पत्राचा शेवट घडीच्या खाली दबला होता. मजकुरात टेकडीवरची गर्दी, भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांची चढाई आणि घरातला कर्ता पुरुष कामास आल्याचा, म्हणजे लढाईत पडल्याचा, उल्लेख होता. लिप्यंतर मजकुराशी जुळत होतं. त्यांनी मूळ कागद बघायचं ठरवलं, पण घरातले वडीलधारे लग्नाला अमरावतीला गेले होते आणि किल्ली त्यांच्याकडे होती.

या प्रकरणातला निर्णयाचा पहिला क्षण हाच. पत्र पुढच्या वर्षासाठी राखता आलं असतं. ‘एका घराण्यात असं पत्र असल्याचं सांगतात, मी ते अजून तपासलेलं नाही’ असंही म्हणता आलं असतं. निर्मात्याला मात्र कार्यक्रमाची सुरुवात पत्रानेच हवी होती, आणि मॅडमनाही मोह पडला. या लढाईची बहुतेक सविस्तर वर्णनं कंपनीच्या बाजूची आहेत. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स आणि लेफ्टनंट कर्नल होप्टन स्कॉटच्या तुकड्या या बाजूनेच आपण ती टेकडी बघत आलो. भोसल्यांच्या बाजूच्या एका साध्या माणसाचा आवाज मिळाला, तर तो ऐकवावासा वाटणं स्वाभाविक होतं. मी स्वतः तो मोह समजू शकतो.

कार्यक्रमात मॅडमनी पत्र ‘लढाईच्या धामधुमीत लिहिलेलं’ म्हणून वाचलं.

प्रतिसाद प्रचंड आला. ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, घराण्याकडे बघायला माणसं येऊ लागली, एका वृत्तपत्राने बातमी केली. पंधरवड्यात मुंबईच्या एका ऑडिओ कंपनीने मॅडमना मालिका देऊ केली: भोसल्यांच्या लढायांवर 26 भाग, पहिला भाग या पत्रावर. रक्कम त्यांच्या वर्षभराच्या तासिकांपेक्षा जास्त होती.

अडचण

जानेवारीत मोडीचे एक निवृत्त जाणकार मॅडमना भेटले. कार्यक्रम ऐकल्यापासून त्यांना एक गोष्ट खटकत होती. कामास आलेल्या माणसाचा रोजमुरा, म्हणजे चाकरीचा पगार, बंद झाल्याचा उल्लेख पत्रात आहे. लढाई चालू असताना रोजमुरा बंद झाल्याची तक्रार कोण करेल?

दोघं मिळून त्या घरी गेले आणि घडी उलगडली. शेवटी सुहूर सन होता, जुन्या मराठी कागदांत असतो तसा अरबी अंकशब्दांत: इहिदे अशरीन मयातैन व अलफ. म्हणजे एक, वीस, दोनशे आणि हजार, एकूण 1221. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतो. 1221 म्हणजे जून 1820 ते जून 1821. लढाईच्या वर्षाचा सुहूर सन 1218, ‘समान अशर’. पत्र तीन वर्षांनंतरचं होतं.

अर्थ सगळाच बदलला. 1818 मध्ये नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांना पदच्युत करून अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर बसवले गेले आणि 1826 पर्यंत कारभार जेंकिन्सच्या देखरेखीखाली चालला. जुनी फौज मोडली होती. पत्र त्या काळातल्या एका कुटुंबाचा अर्ज होता: घरचा माणूस टेकडीवर पडला, रोजमुरा थांबला, परवरिशीची, म्हणजे पालनपोषणाची, सोय व्हावी. लढाईचं वर्णन त्यात आलं ते आपला हक्क पटवण्यासाठी.

कागद खोटा नव्हता आणि आजोबांचं वाचनही मजकुरापुरतं बरोबर होतं. वर लिहिलेला ‘सन 1817’ हा त्यांचा अंदाज होता, आणि तो अंदाज रेडिओवरच्या विश्वासाच्या आवाजातून वस्तुस्थिती म्हणून बाहेर पडला होता. पुस्तकात अशी जागा आली असती तर तिला तळटीप लागली असती. रेडिओला तळटीप नसते. ऐकणारा बोलणाऱ्यावर विसंबतो, आणि म्हणून बोलणाऱ्याचं नाव जितकं मोठं तितका कच्चा पुरावाही पक्का वाटू लागतो. या व्यवसायातला खरा धोका मला इथे दिसतो. वेळेची ओढाताण त्यामानाने सोसण्याजोगी आहे.

समोरचे पर्याय

एक, गप्प राहायचं आणि पुस्तकात बरोबर तारीख द्यायची. निर्मात्याचा हाच सल्ला होता: लोक विसरतील. पण पुस्तक कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तोवर ती ध्वनिफीत शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोचली असती.

दोन, सदरात चार ओळींची दुरुस्ती द्यायची. हे सरळ होतं, पण ज्यांनी ऐकलं ते आणि जे सदर वाचतात ते, हे दोन गट बऱ्याच अंशी वेगळे होते.

तीन, त्याच केंद्रावर, त्याच वेळेला, तितक्याच मोकळेपणाने सांगायचं. यात घराण्याचा प्रश्न होता. पाहुणे येऊन पत्राचं दर्शन घेत होते आणि मॅडम तो मान काढून घेणार, असं घरच्यांना वाटणं साहजिक होतं.

मालिकेचा प्रश्न वेगळाच. कंपनीला पत्र ‘रणांगणातून’ आलेलं हवं होतं, पात्रांच्या तोंडी संवाद हवे होते आणि प्रत्येक भागात एक फितूर हवा होता. मॅडमनी तारीख कळवली तेव्हा उत्तर आलं की श्रोत्याला तीन वर्षांनी काय फरक पडतो. मालिका नाकारली तर पैसा जात होता. घेतली तर पुढच्या दोन वर्षांचं संशोधन दुसऱ्याच्या पटकथेमागे धावणार होतं. नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसासाठी हा निर्णय सोपा नव्हता. ‘तत्त्वासाठी नकार द्या’ असं बाहेरून सांगणाऱ्यांना महिन्याचं भाडं भरायचं नसतं, हे मी मॅडमच्या बाजूने आवर्जून नोंदवतो.

काय केलं

आधी घराण्याशी बोलणं. हा क्रम महत्त्वाचा होता आणि तो मॅडमनी स्वतः ठरवला. रेडिओवर एक शब्द बोलण्याआधी त्या मोडी जाणकारांना घेऊन पुन्हा त्या घरी गेल्या, सगळ्यांना बसवून अक्षर अक्षर पत्र वाचलं. घरातले काका आधी चिडले. “आमच्या बाबांनी वाचलेलं खोटं का जी, मॅडम?” मॅडमनी सांगितलं की बाबांनी वाचलेला शब्द न् शब्द खरा आहे, वरचं साल तेवढं त्यांनी अंदाजाने घातलं. मग त्यांनी एक गोष्ट समजावली, जिने बैठकीचा सूर पालटला: लढाईची वर्णनं पुष्कळ आहेत; लढाईत माणूस गेल्यावर त्याच्या घराचं पुढे काय झालं, हे सांगणारा कागद त्यांच्या अभ्यासात क्वचितच हाताला लागला होता. काकूंनी विचारलं, मग परवरिश मिळाली का? त्याचं उत्तर त्या कागदात नव्हतं. तो शोध आता मॅडमच्या कामाचा भाग आहे.

रेडिओवर मॅडमनी अर्धा तास मागून घेतला. निर्माता दोन मिनिटांचं निवेदन द्यायला तयार होता. मॅडमचं म्हणणं, दोन मिनिटांत फक्त चूक सांगून होईल. कागदाची तारीख कशी काढतात हे ऐकवलं तर श्रोता पुढच्या वेळी आपल्यालाही प्रश्न विचारेल. अखेर कार्यक्रम झाला. सुहूर सन म्हणजे काय, फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं साल, काय, शाई आणि कागद काय सांगतात, हे त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. आधी काय म्हटलं होतं आणि ते का टिकत नाही, हे सुरुवातीलाच एका वाक्यात सांगितलं, आडवळण न घेता.

त्याच कार्यक्रमात त्यांनी टेकडीच्या दुसऱ्या बाजूची एक हकीकत जोडली, आणि माझ्या मते ती त्यांच्या सगळ्या प्रसारणांतली सर्वात चांगली दहा मिनिटं आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने त्या टेकड्यांवर लढणारे बहुतेक मद्रासचे देशी शिपाई होते. त्यातल्या एका पलटणीचा, 24 व्या रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा, मूळ क्रमांक पहिला होता. 1806 च्या वेल्लोरच्या उठावात तिचं नाव आल्यावर तो काढून घेतला गेला. 26 च्या संध्याकाळपासून 27 च्या दुपारपर्यंत टेकडी झुंजवल्यावर या शिपायांनी बक्षीस म्हणून आपला जुना क्रमांक परत मागितला, आणि तो मिळाला. एका बाजूला पलटणीची अब्रू मागणारे शिपाई, दुसऱ्या बाजूला रोजमुरा मागणारं कुटुंब. दोघंही याच मातीतल्या राज्यकर्त्यांच्या नाहीतर परक्यांच्या चाकरीतली साधी माणसं. फितूर आणि वीर या दोन खणांत त्यांना बसवता येत नाही, हे मॅडमनी न सांगताही ऐकणाऱ्याला कळलं.

मालिकेबाबत त्यांनी तीन अटी लेखी पाठवल्या. रचलेला संवाद असेल तिथे भागाच्या सुरुवातीला तसं स्पष्ट सांगायचं. अंतिम संहितेतल्या तारखा आणि आकडे मॅडमच्या संमतीशिवाय बदलायचे नाहीत. आणि संशोधनासाठी जमवलेल्या कागदांवर, मुलाखतींवर कंपनीचा हक्क राहणार नाही. पहिली अट लगेच मान्य झाली. दुसरीवर महिनाभर घासाघीस झाली. तिसरीवर बोलणं मोडता मोडता राहिलं, कारण माजी सैनिकांच्या मुलाखतींच्या मूळ फिती कंपनीला हव्या होत्या. त्या मॅडमनी दिल्या नाहीत. जवानांनी त्या त्यांना दिल्या होत्या, कंपनीला नाही.

परिणाम

मालिका झाली, पण 26 ऐवजी 8 भागांची, आणि रक्कम त्याच प्रमाणात घटली. पत्राचा भाग पहिला न राहता शेवटचा झाला, लढाईनंतरच्या माणसांवरचा. श्रोत्यांचे आकडे कंपनीच्या अपेक्षेइतके आले नाहीत आणि दुसऱ्या पर्वाचं बोलणं थांबलं.

रेडिओ केंद्राशी संबंध टिकले, थोडे थंडावले. सदर सुरू आहे. तासिका पुढच्या वर्षी कमी झाल्या; त्याचा या प्रकरणाशी संबंध नव्हता.

घराण्याने पत्राचं चांगलं स्कॅनिंग करू दिलं. त्यानंतर आणखी काही घरांतून कागद आले. बरेचसे शेतसाऱ्याचे, वाटण्यांचे. एक-दोन लष्करी चाकरीचे. आता मॅडम फोटोवरून काहीच सांगत नाहीत. मूळ कागद, त्याचा शेवट आणि पाठपान बघितल्याशिवाय मत देत नाहीत, आणि मोडीचं दुसरं वाचन वेगळ्या माणसाकडून करून घेतात.

पुस्तकाची दोन राहिलेली प्रकरणं पुन्हा मांडली गेली. शेवटचं प्रकरण पूर्वी 16 डिसेंबर 1817 ला जनरल डव्हटनने नागपूरच्या लढाईत भोसल्यांची फौज मोडली आणि पुढे शहरातल्या अरबांनी जागा सोडली, तिथे संपत होतं. आता ते 1826 पर्यंत जातं. लष्कर मोडल्यावर लष्करातली माणसं कुठे गेली, हा प्रश्न त्यात आला. हे माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं सर्वात मोठं फळ आहे, आणि ते प्रसारणातून निघालं. रेडिओ नसता तर ते पत्र कपाटातच राहिलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट उघड आहे. 26 नोव्हेंबरला पत्र वाचायचंच होतं, तर ‘तारीख तपासायची आहे’ एवढे तीन शब्द पुरे होते. मॅडमचं म्हणणं, त्या शब्दांनी कार्यक्रमाची धार गेली असती. मला तसं वाटत नाही. ‘शेवट घडीखाली दबलाय, त्यावर साल असणार, आपण तो मिळून उलगडू’ असं सांगितलं असतं तर श्रोते पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत बसले असते.

दुसरी गोष्ट निर्मात्याशी असलेल्या बोलीची. कोणता मजकूर तपासून झालेला आहे, कोणता ऐकीव आहे आणि कोणता निव्वळ तर्क आहे, याची खूण संहितेच्या समासात करण्याची पद्धत मॅडमनी आता घातली आहे. ती पहिल्या दिवसापासून असती तर निर्मात्यालाही कळलं असतं की पत्र कोणत्या रकान्यात बसतं. सैनिकांच्या मुलाखतींनाही ते लागू पडतं. एखादे सुभेदार साहेब पन्नास वर्षांपूर्वीची रात्र सांगतात तेव्हा गावाचं नाव, वेळ, तुकडी मागेपुढे होते. तो आठवणीचा स्वभाव आहे. युद्धदैनंदिन्या ताडून पाहायला मिळाल्या तर बरंच जुळवता येतं. संरक्षण मंत्रालयाच्या 2021 च्या धोरणानुसार साधारण 25 वर्षांनी असे दस्तऐवज खुले करायचे आहेत, म्हणून मॅडम आता मुलाखतीसोबत ‘कोणत्या पलटणीची, कोणत्या महिन्याची दैनंदिनी बघायची’ याची टिपणी ठेवतात.

तिसऱ्या गोष्टीवर आमचं एकमत नाही. मालिका 8 भागांवर आली तेव्हा मॅडमनी ती सोडून तो वेळ पुस्तकाला द्यायला हवा होता, असं मला वाटतं. त्यांचा मुद्दा असा की त्या पैशावर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला मुक्काम झाला आणि 1820 नंतरचे रेसिडेन्सीचे कागद बघता आले. मालिका नसती तर शेवटचं प्रकरण झालंच नसतं. हिशेब त्यांचा बरोबर आहे. तरी पुस्तक आणखी एक वर्ष लांबलं, तेही खरं.

एक काम अजून अपुरं आहे. पहिल्या कार्यक्रमाची ध्वनिफीत फोनवरून फोनवर फिरतेच आहे. चॅनलवरच्या प्रतीखाली दुरुस्तीचा दुवा आहे, फॉरवर्ड झालेल्या प्रतींना तो जोडता येत नाही. मॅडमनी पहिल्या फितीएवढ्याच लांबीची, तसंच शीर्षक असलेली नवी फीत करून दर नोव्हेंबरात त्याच शाळांच्या, वाचनालयांच्या आणि माजी सैनिकांच्या गटांवर पाठवायला सुरुवात केली आहे. गेल्या वर्षी एका शिक्षकांनी त्यांना उलट जुनीच फीत पाठवली, ‘मॅडम, हे ऐकाच’ म्हणून. त्यांनी त्या शिक्षकांना फोन केला, शाळेत गेल्या आणि नववीच्या वर्गाला फळ्यावर सुहूर सन लिहून दाखवला.